तिरुपतीला जायचंय? आधी दर्शनाचं तिकीट, मग हरिप्रियाचं

‘गाडीचं रिझर्वेशन झालंय, आता दर्शनाचं बघू,’ असं म्हणणाऱ्यांचीच तिरुमलेवर, म्हणजे देऊळ असलेल्या डोंगरावर, सगळ्यात जास्त फरफट होते. क्रम उलटा धरा. तिरुमला तिरुपती देवस्थानम, म्हणजे टीटीडी, ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची तिकिटं जवळपास तीन महिने आधी खुली करते. एप्रिलची जानेवारीत, सहसा २४ तारखेला सकाळी १० वाजता. रेल्वेचं बुकिंग मात्र नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं. १५ एप्रिलचं दर्शन जानेवारीतच पक्कं होतं, आणि आदल्या दिवशी, १४ एप्रिलला, निघणाऱ्या कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेसचं रिझर्वेशन उघडतं १३ फेब्रुवारीला. मध्ये जवळपास तीन आठवडे मिळतात.

दर्शनाचं तिकीट फक्त टीटीडीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर काढायचं. ‘दर्शन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो. एका लॉगिनवर सहा जणांची तिकिटं निघतात. प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो. ही माहिती आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवा, कारण दहा वाजता रांग लागते ती पडद्यावरही, आणि त्या वेळी ‘आत्याचं आधार कुठंय?’ म्हणून फोनाफोनी करत बसलात तर हवा तो दिवस गेलाच म्हणून समजा.

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. आधारवर ‘सुनीता दत्तात्रय’ आणि माहेरचं आडनाव, तिकिटावर सासरचं. किंवा घरात सगळे ‘बाळासाहेब’ म्हणतात म्हणून तेच टाकलेलं, आधारवर भलतंच. आधारवर जसं छापलंय तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट टाका. जाताना मूळ ओळखपत्र आणि तिकिटाची छापील प्रत दोन्ही जवळ हवीत. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे त्यातल्या पीडीएफचा भरवसा धरू नका.

१२ वर्षांखालच्या मुलांना पालकांसोबत तिकीट लागत नाही, पण वयाचा पुरावा ठेवा. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आईवडिलांना सुपथम प्रवेशद्वारातून वेगळं सोडतात. बाळाचा जन्मदाखला आणि दोघांचं आधार लागतं. ६५ च्या पुढचे ज्येष्ठ आणि दिव्यांग यांचा कोटा निराळा आणि मोफत. तो सहसा २३ तारखेला दुपारी ३ वाजता खुला होतो. दिव्यांगांनी प्रमाणपत्र विसरू नये. ब्रह्मोत्सव आणि वैकुंठ एकादशीच्या काळात या सवलती बंद असतात, तेव्हा आजीआजोबांना घेऊन त्या दिवसांत जाऊच नका. ८ जानेवारी २०२५ ला याच एकादशीच्या वैकुंठ द्वार दर्शनाच्या टोकनसाठी तिरुपतीत चेंगराचेंगरी होऊन सहा भाविक गेले, हे लक्षात असू द्या.

तिकीट मिळालंच नाही तर? खाली तिरुपतीतच वेळेचं मोफत टोकन मिळतं, तेही आधारवरच. रेल्वे स्टेशनसमोर विष्णुनिवासम, बसस्टँडसमोर श्रीनिवासम आणि डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला भूदेवी संकुल. टोकनही संपली तर सर्वदर्शनाची, म्हणजे बिनटोकनाची मोफत रांग आहेच, पण मग वैकुंठम संकुलातल्या दालनात बसून राहायची तयारी ठेवा. आत दूध आणि जेवण देतात. पायी चढायचं असेल तर अलिपिरीकडून ३,५५० पायऱ्या, श्रीवारी मेट्टूकडून २,३८८. दुसरी वाट लहान, पण चढ अंगावर येणारा.

अलिपिरीला गाडीची आणि सामानाची तपासणी कसून होते. तंबाखू, गुटखा, दारू, मांसाहारी पदार्थ वर चालत नाहीत. आमच्या गाडीतल्या एका काकांची चुन्याच्या डबीसकट चंची तिथंच गेली, आणि पुढचे दोन दिवस आम्ही त्यांचा चेहरा बघितला! स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना फास्टॅग सक्तीचा आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी, त्यामुळे स्टीलची न्या.

पुरुषांना धोतर-उपरणं किंवा कुर्ता-पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसह चुडीदार. जीन्स-टीशर्टवर दर्शनाला सोडत नाहीत. अन्य धर्मीयांना श्रद्धेचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. कल्याणकट्ट्यात केस अर्पण करायला पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तरी देऊ नका. चपला खोलीवर किंवा गाडीतच ठेवलेल्या बऱ्या.

प्रत्येकाला एक लहान लाडू मोफत मिळतो, जादा हवे असतील तर ५० रुपयांना एक. शेजारपाजार आणि भावकी मोजूनच काउंटरवर जा. अंबाबाईच्या दर्शनाशिवाय तिरुपतीची यात्रा पुरी होत नाही असं आपल्याकडे मानतात, आणि परतीची हरिप्रिया कोल्हापुरातच संपते. तेव्हा देवीपुढे ठेवायला एक लाडू वेगळा बांधून ठेवा.