मासळी शेतीखात्यात, समुद्र विज्ञानखात्यात

बारावीचा निकाल लागला की कोकणातल्या काही घरांत एक हिशेब मांडला जातो. रत्नागिरीजवळच्या शिरगावला मत्स्यशास्त्राची चार वर्षं करायची, की बीएस्सी करून पुढे गोव्यात सागरविज्ञानाची एमएस्सी? फी दोन्हीकडे सरकारी दराची. फरक पडतो तो पदवीच्या नावाने, आणि ते नाव खात्यांच्या जुन्या वाटणीतून आलं आहे.

राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय राज्यांकडे ठेवला, सागरी हद्दीपलीकडची मासेमारी केंद्राकडे. शिक्षणाचीही तशीच फाळणी झाली. हिंदी महासागरावरची आंतरराष्ट्रीय मोहीम आटोपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था निघाली. आज ती गोव्यात दोना पावलाला आहे. तिथे माणसं हवीत ती भौतिकी, रसायन, भूशास्त्र, जीवशास्त्र शिकलेली. मासळी मात्र शेतीत गेली. मत्स्यशास्त्राचं देशातलं पहिलं महाविद्यालय १९६९ मध्ये मंगळूरला निघालं ते कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली. शिरगावचं १९८१ चं, तेही दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं.

गुंता झाला तो पुढे. १९९८ च्या कायद्याने राज्यात पशू आणि मत्स्य या दोन शाखांसाठी वेगळं विद्यापीठ ठरलं आणि २००० मध्ये ते नागपुरात उभं राहिलं. किनारा एका टोकाला, मत्स्यविद्यापीठ दुसऱ्या. नागपूरची बाजू अगदीच पोकळ नव्हती: भंडारा-गोंदियात मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले शेकडो तलाव आहेत, आणि मत्स्यशास्त्र म्हणजे काही फक्त पापलेट-सुरमई नव्हे. पण ज्या महाविद्यालयाच्या मुलांना भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ, त्याचा कारभार समुद्रापासून इतक्या लांबून चालावा, हे कोकणाच्या गळी उतरलं नाही. शिरगाव दापोलीकडेच राहिलं. मग एकाच राज्यात एकाच विषयाच्या पदवीवर दोन विद्यापीठांचे शिक्के आले आणि कायद्यातलं ‘मत्स्य’ नेमकं कोणाचं, यावर वाद रंगत राहिला. कोकणाला स्वतंत्र मत्स्यविद्यापीठ द्या ही मागणी त्यातूनच वाढली. केरळने ते २०१० मध्ये केलं, तमिळनाडूने २०१२ मध्ये. आपण अजून शिक्क्यातच अडकलो होतो.

शिक्का कोणाचाही असो, ‘मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी’ या शब्दांना बाजारात किंमत आहे. सरकारी बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी ती चालते. प्राणिशास्त्रात बीएस्सी करून सागरविज्ञानाची एमएस्सी केलेल्याला तो अर्ज भरता येत नाही. त्याने नेटकडे, म्हणजे संशोधन फेलोशिपच्या राष्ट्रीय परीक्षेकडे वळायचं. तिथेही महासागराला स्वतंत्र विषय नाही. भौतिकी अंगाने शिकलेला भूशास्त्र आणि हवामानवाल्यांच्या रांगेत बसतो, सागरी जीवशास्त्राचा जीवविज्ञानाच्या गर्दीत. पार झाला तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप. पण तिथवर तीन अधिक दोन वर्षांचा खर्च घरचा.

अलीकडे दोन्ही बाजूंना पैसा आला. २०२० ची मत्स्यसंपदा योजना २०,०५० कोटींची, २०२१ ची खोल समुद्र मोहीम ४,०७७ कोटींची. आकडे मोठे, पण मोहिमेच्या जहाजावर जागा मोजक्या. मत्स्यशास्त्रवाल्याला पहिली नोकरी बहुधा कोळंबीच्या तळ्यावर मिळते, अनेकदा आंध्रात. पहाटे तीनला पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा, पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर चालू आहे ना ते बघायचं, खाद्य तपासायचा चेक-ट्रे पाण्यातून वर ओढून खाद्य किती उरलंय ते टॉर्चच्या उजेडात पाहायचं. घरी मांडलेल्या हिशेबात ही पहाट कुठल्याच रकान्यात नसते.