दाराशी टोचलेला कान आणि कानातलं सोनं

‘बायबलच्या काळात कानातलं म्हणजे गुलामीची खूण’ हे वाक्य प्रवचनात, बायबल अभ्यासाच्या वर्गात आणि अर्थातच व्हॉट्सअॅपवर अधूनमधून कानावर येतं. कोणी ते दागिन्यांच्या विरोधात वापरतं, तर कोणी उलट म्हणतं, ‘मी प्रभूचा दास, म्हणून बाळी घालतो.’ गफलत दोन्हीकडे एकच आहे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, टोचलेला कान आहे आणि कानातलं सोनंही आहे, पण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. थोडं बारकाईने वाचलं तर ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जाताना दिसतात.

आधी गुलामाचा कान. जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात नियम असा: इब्री, म्हणजे इस्राएली, गुलामाने सहा वर्षं चाकरी करायची आणि सातव्या वर्षी काही न भरता मोकळं व्हायचं. मेख पुढे आहे. मालकानेच त्याला बायको करून दिली असेल, तर ती आणि मुलं मालकाकडेच राहणार, सुटायचं ते त्याने एकट्याने. अशा वेळी तो म्हणाला, की माझं मालकावर, बायकोवर, मुलांवर प्रेम आहे, मला सुटायचं नाही, तर मालकाने त्याला देवासमोर न्यावं, दाराशी किंवा दाराच्या चौकटीशी उभं करावं आणि आरीने त्याचा कान टोचावा. मग तो कायमचा गुलाम. प्रवचनांत याला प्रेमाने केलेलं समर्पण म्हणतात. असेलही. पण बायको-पोरं अडकवून ठेवल्यावर माणूस आणखी काय म्हणणार, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात हाच विधी येतो. तिथे आरी कानातून आरपार दारात घालायला सांगितलं आहे. चामडं टोचायची आरी, लाकडी दार आणि मधे माणसाच्या कानाची पाळी. माणूस त्या घराला जोडला गेला, हे सगळ्यांना दिसावं असा तो प्रकार. आपल्याकडे कान सोनारानेच टोचावे म्हणतात. इथे मालक स्वतः टोचतो. पण मुख्य गोष्ट ही, की दोन्ही उताऱ्यांत टोचल्यानंतर कानात काही घातल्याचा शब्दही नाही. ना कडी, ना बाळी, ना सोनं. बाळी नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातली.

यहुदी धर्मशास्त्र्यांनाही हा विधी गौरवाचा वाटला नाही. ‘कायमचा’ याचा अर्थ त्यांनी योबेल वर्षापर्यंत (दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळं करायचं ते वर्ष) किंवा मालकाच्या मृत्यूपर्यंत असा लावला. आणि कानच का, याचं योहानान बेन जक्काई या पहिल्या शतकातल्या गुरूच्या नावावर असलेलं उत्तर बोचरं आहे: इस्राएली हे माझे दास आहेत, असं देव सीनाय डोंगरावर नियम देताना म्हणाला ते ज्या कानाने ऐकलं, त्याच कानाच्या माणसाने जाऊन दुसरा मालक केला, म्हणून तो कान टोचायचा. शेजारच्या बाबिलोनमध्ये हम्मुराबीच्या कायद्यातही गुलामाचा कान येतो. ‘तू माझा मालक नाहीस’ असं म्हणणाऱ्या गुलामाचा कान तिथे कापत. बायबलमध्ये जायला नकार देणाऱ्याचा कान टोचतात, तिथे मालकाला नाकारणाऱ्याचा कापतात. दोन्हीकडे दागिना कुठेच नाही.

आता सोन्याकडे. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी मुलगी शोधायला निघतो. विहिरीवर रिबका त्याच्या दहा उंटांना पाणी पाजते, आणि तो तिच्यासाठी अर्ध्या शेकेलाची सोन्याची कडी आणि दहा शेकेलांच्या दोन बांगड्या काढतो. पुढे तोच सांगतो, की कडी तिच्या नाकात घातली. म्हणजे ही नथ. कानातली कडी आणि नाकातली कडी यांना इब्रीत एकच नाव असल्याने भाषांतरांत घोळ होतो, पण इथे नाक स्पष्ट लिहिलं आहे. यहूदात सापडलेल्या वजनांवरून शेकेल सुमारे साडेअकरा ग्रॅमचा धरतात, जवळजवळ जुना तोळाच. म्हणजे नथ अर्ध्या तोळ्याची आणि बांगड्या दहा तोळ्यांच्या. घरी पोचल्यावर रिबकेचा भाऊ लाबान आधी ती नथ आणि बांगड्या बघतो, बहिणीचं बोलणं ऐकतो आणि मग पाहुण्याकडे धावत जाऊन ‘या, परमेश्वराचे आशीर्वादित’ म्हणतो. पुढे रिबकेच्या मुलाला, याकोबाला, चौदा वर्षं राबवून घेणारा लाबान तो हाच.

ही वजनं कथेत मुद्दाम दिली आहेत, कारण तेव्हा नाणी नव्हती. शेकेल हे वजन होतं. नाणी आली ती इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकात, आशिया मायनरमधल्या लिडियात. तोवर अंगावरचं सोनं म्हणजेच साठवलेला पैसा. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे दिवस पालटल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण त्याला चांदीचा तुकडा आणि सोन्याची एकेक कडी देतो, ते याच हिशेबाने.

आणि हे फक्त बायकांचं नव्हतं. अश्शूरी राजवाड्यांतल्या शिल्पपटांवर राजे कुंडलं घालून उभे आहेत, इजिप्तच्या तुतनखामेनच्या ममीच्या कानांना भोकं आहेत. पूजेसाठी सोन्याचं वासरू घडवण्याआधी मोशेचा भाऊ अहरोन लोकांना सांगतो, बायकांच्या, मुलांच्या आणि मुलींच्या कानांतलं सोनं काढून आणा. मुलांच्याही. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात इस्राएलांचा लढाऊ पुढारी गिदोन लुटीतल्या कड्या मागतो तेव्हा लेखक कंसात सांगावं तसं सांगतो, की हरलेले लोक इश्माएली होते, म्हणून त्यांच्याकडे त्या होत्या. त्यांचं वजन भरलं 1,700 शेकेल, म्हणजे एकोणीस किलोंच्या वर. ज्यांच्या कानांतून त्या उतरल्या, त्यांना गुलाम कोण म्हणेल? ते उंटांच्या गळ्यातही साखळ्या घालणारे लोक होते.

बायबलला या सोन्याचा धाक वाटतो, पण तो गुलामीचा नव्हे. अहरोनाच्या हाती कड्यांचं वासरू झालं, गिदोनाने त्यांचं एफोद (याजकाच्या वस्त्रासारखी पूज्य वस्तू) केलं आणि तेही इस्राएलाला फास ठरलं. याकोबाने घरच्यांकडून परके देव मागितले, त्यांनी त्यांबरोबर कानांतल्या कड्याही दिल्या, त्या त्याने घेतल्या आणि शखेमजवळ झाडाखाली पुरल्या. त्या कड्या ताईत म्हणूनही घालत असावेत, असं त्यावरून वाटतं. उलट निर्गम 35 मध्ये त्याच प्रकारचे दागिने स्त्री-पुरुष निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या तंबूतल्या मंदिरासाठी, आपखुशीने आणतात आणि ते पवित्र ठरतात. दागिना तोच, तो वितळून काय घडणार, यावर निकाल.

दोन्ही प्रकरणं खरोखर जवळ येतात ती एका ठिकाणी. अनुवाद 15 मध्ये, कान टोचायच्या नियमाच्या अगदी आधी, मालकाला बजावलं आहे की सातव्या वर्षी सुटणाऱ्या गुलामाला रिकाम्या हाताने पाठवू नकोस. कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं दे, कारण तूही मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास. मिसरातून निघतानाचं आश्वासनही हेच होतं: रिकाम्या हाताने जाणार नाही, बायका शेजारणींकडून सोन्या-चांदीचे दागिने मागून घेतील आणि मुलामुलींच्या अंगावर घालतील. सोनं अंगावर येतं ते सुटताना. टोचलेला कान मागे राहणाऱ्याचा. ‘कानातलं म्हणजे गुलामी’ हे समीकरण इथे पार उलटं होतं.

नव्या करारातल्या सूचना आणखी वेगळ्या. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आणि पेत्राचं पहिलं पत्र वेण्या, सोनं, मोती आणि भारी वस्त्रं यांविषयी बोलतात. तिथे विषय मिरवण्याचा आहे. पेत्राच्या पत्रात तर गुलामांना सूचना दुसऱ्या अध्यायात आहेत आणि दागिन्यांची गोष्ट लगेच तिसऱ्यात, पण गुलामांच्या भागात कानाचं नाव नाही आणि दागिन्यांच्या भागात गुलामीचं.