टणक डोक्याचं जनुक

१ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरमध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा आदेश लागू झाला आणि आपल्या मंडळींनी लगोलग तोडही काढली: मागच्याचं हेल्मेट मागून घ्यायचं, टाकी भरायची, परत करायचं. पलासियाच्या पंपावर अशाच एका काकांना मी हटकलं. "अहो, आमच्या घराण्याची डोकीच टणक!" काका म्हणाले. "पुतण्या बायपासवर पडला, महिन्याभरात दुकानात बसायला लागला. मागं बसलेला त्याचा मित्र अजून नावं विसरतो."

कवटीचा यात फारसा संबंध नाही. पण सारखाच मार लागूनही एक जण लवकर सावरतो आणि दुसरा रखडतो, हे न्यूरोसर्जनही पाहतात. यात आनुवंशिकतेचा वाटा किती?

संशय आधी गेला एपीओई जनुकावर. १९व्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचे ई२, ई३, ई४ असे तीन मुख्य प्रकार. पैकी ई४ अल्झायमरबाबत बदनाम. १९९७ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल यांच्या गटाने डोक्याला मार लागलेले ९३ रुग्ण तपासले. (कॅज्युअल्टीत बेशुद्धी मोजायला ३ ते १५ गुणांची जी कोमा स्केल वापरतात, ती १९७४ मध्ये ब्रायन जेनेट यांच्यासोबत यांनीच आणली.) सहा महिन्यांनी ई४ असलेल्या ३० पैकी १७ जणांची अवस्था वाईट होती, ई४ नसलेल्या ६३ पैकीही १७च जणांची.

आता माझा आवडता भाग: हे जनुक मेंदूत करतं काय? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीरातलं २० टक्क्यांहून जास्त कोलेस्टेरॉल तिथं असतं आणि ते मेंदू स्वतःच बनवतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल आत शिरत नाही. (म्हणून 'डोक्याला लागलंय, वाटीभर तूप पाजा' या सल्ल्यानं फक्त पोट सुटतं.) मार लागला की चेतापेशींचे तंतू तुटतात, त्यांच्या स्निग्ध आवरणांचा राडारोडा पडतो. अशा वेळी अ‍ॅस्ट्रोसाइट या मदतनीस पेशी एपीओई प्रथिन सोडतात. ते ही चरबी उचलून धडधाकट चेतापेशींना पोचवतं आणि त्या तिच्यातून नवे फाटे, नव्या जोडण्या उभ्या करतात. पडक्या वाड्याच्या विटा नव्या भिंतीला लावाव्यात, तसं.

हे प्रथिन २९९ अमिनो आम्लांची माळ आहे. ई३ मध्ये ११२व्या जागी सिस्टीन असतं, ई४ मध्ये आर्जिनिन. डीएनएत फरक एका अक्षराचा: टीच्या जागी सी. पण या आर्जिनिनमुळे ६१व्या जागचं आर्जिनिन बाहेर ढकललं जातं. त्याचा धन भार २५५व्या जागच्या ग्लुटामिक आम्लाच्या ऋण भाराला चिकटतो, रेणूची दोन टोकं जवळ येतात आणि तो चरबी नीट वाहत नाही. गंमत म्हणजे चिंपांझीतही ११२व्या जागी आर्जिनिनच असतं, पण ६१व्या जागी थ्रिओनिन. त्यामुळे त्याचं प्रथिन असं दुमडत नाही!

यंत्रणा इतकी देखणी, पण पुढं आकडे तिला तेवढी साथ देईनात. टीसडेल यांच्याच गटाने सुमारे हजार रुग्ण पाहून २००५ मध्ये सांगितलं, की सरसकट परिणाम दिसत नाही. दिसतो तो मुलांत आणि तरुणांत. २०२२ मध्ये पाच हजारांवर रुग्णांचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, चाळला गेला. एकही जागा खात्रीच्या रेषेपलीकडं गेली नाही, एपीओईसुद्धा नाही. तरीही रुग्णारुग्णांतल्या फरकात आनुवंशिकतेचा एकूण वाटा सुमारे एक चतुर्थांश निघाला. म्हणजे बारीकसारीक परिणामांची पुष्कळ जनुकं, कुणीच एकटं पुरेसं नाही.

तेव्हा जनुकं तपासायला थुंकी पाठवून 'मेंदूची कुंडली' मागवण्यात पैसे घालवू नका. कॅज्युअल्टीत डॉक्टर अजूनही वय विचारतात, चिमटा काढल्यावर हात कसा हलतो ते बघतात, बॅटरी मारून बाहुल्या आकसतात का ते पाहतात आणि सीटीला पाठवतात. पुढचा अंदाज ई४ पेक्षा यावरूनच जास्त बरा बांधता येतो.