पेंटरला मुद्रा कर्ज: अर्ज नेमका अडतो कुठे

दसऱ्याची कामं अंगावर आली की पेंटर बँकेत पळतात आणि 'धंद्याचा पुरावा आणा' ऐकून परत येतात. दरवर्षी तेच. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींचं काम बंदच असतं, कागद तेव्हा जमवा.

मुद्रा म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची केंद्र सरकारची कर्ज योजना. अटी फार नाहीत. वय 18 पूर्ण, आधीचं कर्ज थकलेलं नको. कर्जाचे गट असे: 50,000 पर्यंत शिशु, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण. तारण लागत नाही. मुद्राला सबसिडीही नाही. ती काढून देतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. आधार, पॅन, फोटो घरात असतातच, फक्त आधार-पॅनवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

खरी गाठ शॉप अ‍ॅक्टची. म्हणजे राज्याच्या दुकानं-आस्थापना कायद्याची. बँक त्याचं 'लायसन' मागते. 2017 च्या कायद्याप्रमाणं वीसपेक्षा कमी कामगार असतील (2025 पर्यंत ही मर्यादा दहा होती) तर लायसन मिळतच नाही. धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती घ्यायची. माझ्यासमोर एका साहेबानं ती पावती 'हे लायसन नाही' म्हणून सरकवून दिली होती. जो कागद सरकार देतच नाही, तो माणसानं आणायचा कुठून? अशा वेळी वाद घालू नका, नकार लेखी मागा. सूचना धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत द्यायची असते. बरेच जण ही पावतीची मुदत समजून दर दोन महिन्यांनी सायबर कॅफेवाल्याला पैसे देतात.

त्या सूचनेच्या अर्जाला धंद्याच्या मराठी पाटीचा फोटो लागतो. दुकान नाही, डबे-ब्रश पडवीत, मग पाटी कुठली? घराचा पत्ता चालतो. परवा एकानं उरलेल्या ऑइलपेंटनं दाराशेजारी धंद्याचं नाव रंगवलं. वीस वर्षं गावाच्या भिंती रंगवल्या, स्वतःच्या भिंतीला गिलावासुद्धा नव्हता. पाटी मात्र झकास आली.

उद्यम म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी. ती फुकट आहे, आधारच्या ओटीपीवर होते. तिथं धंदा निवडताना 4330 हा गट घ्या, त्यात इमारतीचं रंगकाम येतं. कॅफेवाला घाईत 'रंगविक्री' टाकतो आणि मग बँक विचारते, दुकानदाराला स्प्रे मशीन कशाला?

कोटेशन मशीनचं, परांचीच्या पाइपांचं, शिडीचं. जीएसटी क्रमांक असलेल्या दुकानदाराकडून, पाटीवर आहे त्याच नावानं. कच्ची चिठ्ठी चालत नाही. तुमची वर्षाची कामं 20 लाखांच्या आत असतील तर तुम्हाला स्वतःला जीएसटीची सक्ती नाही.

राहिलं बँक खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. ते कोरं असतं, कारण मालक रोख देतो आणि आपण बाजाराच्या दिवशी मजुरांना वाटून मोकळे होतो. मॅनेजरला वाटतं, याला काम नाही. पुढच्या कामापासून निदान इसार तरी खात्यावर मागा.

शिशु कर्जाला बहुतेक बँकांत प्रोसेसिंग फी नसते. कुणी मागितलीच तर पावती मागा.