ज्वारीच्या दाण्याएवढं पाणी

ढगातून विमान खाली उतरत होतं. चाकं उघडल्याचा धडधडाट झाला, खिडकीतून माडांचे शेंडे दिसले, आणि तेवढ्यात इंजिनं एकदम गरजली. आम्ही पुन्हा वर. जुलै महिना होता. विदर्भातल्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून सात जण पहिल्यांदाच समुद्र पाहायला गोव्याला निघालो होतो. अर्धा तास आभाळात गोल फिरल्यावर विमान हैदराबादकडे वळलं. शेजारी बसलेल्या काकांनी चाळीस वर्षं शेती केली आहे, पावसाची त्यांना काय नवलाई! ते म्हणाले, "पाऊस तं आपल्याकडंबी पडते. गोव्याच्या दारात आणून वापस नेते काऊन?"

हैदराबादला कंपनीच्या काउंटरवर "खराब हवामान" एवढे दोनच शब्द मिळाले. रात्र खुर्च्यांवर काढली. विमान परत फिरवलं याचा मला राग आला नाही. राग आला तो त्या दोन शब्दांवर भागवण्याचा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या रात्री काकांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण विमान आता आपल्याही जिल्ह्यांत उतरायला लागलं आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. ओट्यावर थोडं पाणी सांडा आणि गरम पाण्यातून नुकतीच काढलेली स्टीलची वाटी त्यावर पालथी घाला. कुणी हात न लावता ती सरकू लागते. आतली हवा तापून फुगते, वाटीला पाण्याच्या पापुद्र्यावर किंचित उचलून धरते, आणि वाटीची ओट्यावरची पकड सुटते. ओल्या धावपट्टीवर टायरचं असंच होतं, फक्त उचलण्याचं काम तिथे वेग करतो. टायरपुढचं पाणी बाजूला व्हायला काही क्षण लागतात. वेग फार असला तर पाण्याला तेवढा वेळच मिळत नाही, ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायर डांबराला न टेकता पाण्यावर तरंगतो. मग ब्रेक कितीही दाबा, धरायला खाली काही नसतं.

हे कोणत्या वेगाला होतं, याचा एक सोपा हिशेब अमेरिकेच्या 'नासा'मधल्या वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मांडला. टायरातल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढायचं. पंक्चरवाला "बत्तीस ठेवू का?" विचारतो, तोच हा पौंडातला दाब. त्या वर्गमुळाला साधारण १७ ने गुणलं की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. तुमच्या कारच्या टायरात ३२ असेल तर उत्तर येतं ९५ च्या आसपास. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा १२० आहे. पाणी साचलेलं असेल आणि टायर गुळगुळीत झाले असतील, तर मर्यादेच्या आत राहूनही गाडी हातातून जाऊ शकते. विमानाचा विषय क्षणभर बाजूला ठेवून हा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

गोव्याला जाणाऱ्या नेहमीच्या जेट विमानाच्या टायरात दाब २०० च्या आसपास असतो. हिशेबाने तरंगण्याचा वेग येतो सुमारे २३५. ही झाली आधीच फिरत असलेल्या चाकाची गोष्ट. टेकतानाचं चाक मात्र आभाळातून येतं, ते स्थिर असतं. अशा चाकासाठी हा आकडा आणखी घसरून दोनशेच्या जवळ येतो. आणि विमान उतरतं ताशी साधारण २५० किलोमीटरने. म्हणजे पाणी साचलेल्या धावपट्टीवर विमान टेकतं तेच मुळी तरंगण्याच्या वेगात. म्हणून पावसात चांगला वैमानिक विमान हळुवार टेकवत नाही. तो ते ठामपणे, जरा दणक्याने टेकवतो, म्हणजे चाकं पाणी फोडून डांबराला भिडतात आणि लगेच फिरू लागतात. आपण प्रवासी त्या दणक्याला नावं ठेवतो. पावसात तो दणका म्हणजे वैमानिकाचं कसब असतं.

टेकल्यावर थांबवायचं किती असतं तेही पाहू. साठ टनांचं विमान ताशी २५० च्या वेगात असताना त्यात जी ऊर्जा असते, तेवढ्यात आपल्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर जवळजवळ अकरा तास चालेल. ती सगळी ऊर्जा अर्ध्या-पाऊण मिनिटात जिरवायची असते: काही इंजिनाचा झोत पुढच्या दिशेला वळवून, काही पंखांवर उभ्या राहणाऱ्या पट्ट्यांमुळे हवेत, आणि मोठा वाटा ब्रेकमधून. त्यात वेगाचा वर्ग होतो, हे विसरायचं नाही. मागून ताशी फक्त १८ किलोमीटरचा वारा असला, तर जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग तेवढाच वाढतो, पण जिरवायची ऊर्जा सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते. किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा क्षणाक्षणाला तोंड फिरवतो. समोरून येणारा वारा दोन मिनिटांत मागून येऊ लागतो.

७ ऑगस्ट २०२० ला केरळात कोळिकोडच्या विमानतळावर हे सगळं एकत्र आलं. ती धावपट्टी डोंगर सपाट करून केलेली, २७०० मीटरची, दोन्ही टोकांना उतार. पाऊस होता आणि वारा मागून. एकदा उतरणं सोडून दिल्यावर विमान दुसऱ्या बाजूने आलं आणि जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे गेल्यावर टेकलं. ते टोकाच्या पलीकडे खाली कोसळलं. २१ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिकाचे आईवडील नागपूरचे. त्या रात्री विदर्भात ती बातमी घरातलीच म्हणून ऐकली गेली. तेव्हापासून "विमान वापस नेलं" हे वाक्य मला वेगळं ऐकू येतं.

तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं: पाऊस आपल्याकडेही पडतो, पण वैमानिकाचा प्रश्न पाऊस किती पडला हा नसतो, पट्टीवर पाणी किती थांबलं हा असतो. ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीची अवस्था सांगायची एकच पद्धत आहे. धावपट्टीचे तीन समान भाग पाडतात आणि प्रत्येकाला शून्य ते सहा असा अंक देतात. कोरडी असेल तर सहा. ओली आहे पण पाणी तीन मिलिमीटरच्या आत आहे, तर पाच. तीनच्या वर गेलं की अंक एकदम दोनवर येतो. म्हणजे तीन मिलिमीटरच्या रेघेवर सगळा खेळ. ज्वारीचा दाणा आडवा ठेवला तर त्याची उंची जवळपास तेवढीच भरेल. तेवढं पाणी आपल्या पायाच्या तळव्यालाही नीट कळत नाही.

आणि हे पाणी थांबू नये म्हणून जे करतात, ते शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. सोयाबीन आपण रुंद वरंब्यावर पेरतो, पाणी सरीत उतरतं. धावपट्टीही मधून उंच आणि कडांना उतरती असते. ४५ मीटर रुंदीच्या पट्टीला दीड टक्का उतार दिला, तर मधली रेघ कडेपेक्षा सुमारे ३४ सेंटीमीटर उंच येते. त्यावर आडव्या चिरा पाडतात, साधारण सहा मिलिमीटर रुंद, तेवढ्याच खोल, अडतीस-अडतीस मिलिमीटरवर. टायरखालचं पाणी दाबलं गेलं की त्याला पळायला वाट मिळते. पण चिरा कायम राहत नाहीत. प्रत्येक उतरणाऱ्या विमानाच्या टायरचं रबर घासून त्यांत बसतं. टेकण्याच्या जागी काळे पट्टे दिसतात ना, ते हेच रबर. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने ते खरवडून काढावं लागतं आणि पट्टी किती धरते हे खास गाडी फिरवून मोजावं लागतं.

आपल्याकडे या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे काळी माती. पावसाळ्यात फुगणारी आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्यावर नुसता मुरूम टाकून केलेला रस्ता दोन वर्षांत कसा लाटालाटांचा होतो, ते आपण रोज पाहतो. रस्त्यावरच्या लाटेने कंबर दुखते. धावपट्टीवर काही मिलिमीटरचा खोलगटपणा आला तरी तिथे पाणी थांबतं, आणि हिशेब मिलिमीटरचाच आहे. म्हणून अशा जमिनीत माती खणून काढणं, चुना मिसळून तिचा फुगवटा मारणं, बाजूच्या नाल्या खोल आणि मोकळ्या ठेवणं या कामात कसूर चालत नाही. उद्घाटनाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी १८५० मीटरची, विमान पंख्याचं, एटीआर ७२. हे विमान कमी वेगाने उतरतं, म्हणून त्याला एवढी लांबी चालते. गोंदियाजवळच्या बिरसीची पट्टी तर दुसऱ्या महायुद्धातली. अकोल्याच्या शिवणीची मात्र जेमतेम १४०० मीटर, आणि ती वाढवण्याचा विषय वर्षानुवर्षे चर्चेतच राहिला. शिवणीबद्दल बोलणं निघालं की मला अमेरिकेतलं की वेस्ट आठवतं. गोव्यासारखंच पर्यटकांचं समुद्रकाठचं गाव, आणि तिथल्या विमानतळाची पट्टीही तेव्हा दीड किलोमीटरच्या आतली होती. २०११ मध्ये तिथे आठवडाभराच्या आत दोन छोटी जेट विमानं पट्टीबाहेर गेली, एक एका टोकाला, दुसरं दुसऱ्या. एका टोकाशी ठिसूळ, फेसाळ काँक्रीटचा गादीसारखा पट्टा अंथरलेला होता. त्यात विमानाची चाकं रुतली आणि ते काही अंतरातच थांबलं, कुणालाही इजा झाली नाही. दुसऱ्या टोकाशी असा पट्टा नव्हता, तिथलं विमान बरंच पुढे जाऊन थांबलं. नांगरलेल्या वावरात मोटारसायकल घातली की ती कशी थांबते, तोच हा उपाय.

आपल्याकडचा उन्हाळा हा विमानासाठी पावसाइतकाच अवघड विषय आहे. पारा १५ वरून ४५ वर गेला की हवा जवळजवळ दहा टक्क्यांनी विरळ होते. पंखांना आधार कमी, इंजिनाला जोर कमी, म्हणून उडायला पट्टी जास्त लागते. पट्टी तर वाढत नाही, मग वजन कमी करावं लागतं: माणसं, सामान किंवा इंधन. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पारा ४८ च्या पुढे जाणार म्हणून एका जातीच्या छोट्या विमानांची दुपारची उड्डाणं रद्द झाली होती. त्या विमानांना तेवढ्या तापमानापुढच्या उड्डाणाचे हिशेबाचे आकडे दिलेलेच नव्हते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे लोक ४७ अंश पाहून आहेत. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडचं विमान काही खुर्च्या रिकाम्या ठेवून निघालं, तर त्यामागे हे कारण असू शकतं.

मग नागपूरला स्वच्छ ऊन असताना विमान रद्द का होतं? मुक्कामी एसटी आठवा. रात्री गाडी गावात आली नाही, तर सकाळची सातची गाडी कुठून सुटणार? एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी गोव्यात अडलं की संध्याकाळी नागपुरात चार तास उशीर. त्यात वैमानिकांच्या कामाचे तास ठरलेले असतात. आकाशात घिरट्या घालण्यात ते संपले की विमान उभं आणि चालवायला माणूस नाही. भारतात २०२५ मध्ये हे नियम कडक झाले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, आणि त्याच डिसेंबरात देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. लोकांचे अतोनात हाल झाले, लग्नं चुकली, परीक्षा चुकल्या. तरीही मी त्या नियमाच्या बाजूचा आहे. १६ सप्टेंबर २००७ ला थायलंडमधल्या फुकेतला, म्हणजे पुन्हा समुद्रकाठच्या पर्यटनाच्याच गावी, वादळी पावसात उतरताना एक विमान कोसळलं आणि ९० माणसं गेली. उतरणं सोडून पुन्हा वर जाताना इंजिनाचा जोर वेळेवर वाढवला गेला नाही. चौकशीत निघालं की वैमानिकांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त तास काम केलं होतं. नियम माहीत असताना पुरेसे वैमानिक आधीच नेमायचे, ही जबाबदारी कंपन्यांची. तिची भरपाई थकलेल्या माणसाकडून करून घ्यायची नाही.

प्रवाशाचे हक्कही सांगतो, कारण त्या रात्री आमच्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हते. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक मागता येतं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला, तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं असतं. काउंटरवर हे मागावं लागतं, आणि ते मागण्यात संकोच कसला?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गोव्याला उतरलो, चांगलेच दणकून. विमानात काहीजण ओरडले. काका खिडकीला नाक लावून पट्टीच्या कडेने वाहणारं पाणी पाहत होते. या दिवाळीत त्यांना बेलोऱ्याहून मुंबईला जायचं आहे, माझ्या चुलतबहिणीकडे. परवा रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तिथल्या पट्टीच्या पुढं काय हाय बा, नाला का वावर?" मी नकाशा उघडला, आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या १८५० मीटरच्या रेघेची दोन्ही टोकं पाहत बसलो.