जुना रोलचा कॅमेरा घ्यावा का? आणि घेतल्यावर रोल कोरा का येतो?

(रोल व जुने कॅमेरे वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात दोन प्रश्न रोज येतात. पहिला प्रश्न नव्यानं फोटोग्राफीला लागलेल्यांचा असतो: "नवी लेन्स घेऊ, की आजोबांचा कपाटातला कॅमेरा दुरुस्त करून घेऊ? फोटो कशानं सुधारतील?" दुसरा प्रश्न तीच मंडळी महिन्याभरानं विचारतात: "रोल कोरा कसा काय आला?" काउंटरवर उभ्या उभ्या दोन्हींचं उत्तर नीट देता येत नाही, मागे माणसं खोळंबतात. म्हणून हा कागद काढला आहे. घरी न्या, कॅमेरा मांडीवर घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

आधी पहिला प्रश्न.

लग्न-मुंजीची कामं घेणाऱ्यांनी रोलच्या मागे लागू नये. कार्यालयात उजेड कमी, माणसं सतत हलती, आणि मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की तो क्षण परत येत नाही. ४०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती पटकन दाद देते त्याचा आकडा) तिथं अपुरा पडतो, शिवाय फोटो आला की नाही हे कळायला आठवडा जातो. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा नवा डिजिटल कॅमेराच त्या कामाला हवा. ज्यांचं पोट यावर आहे त्यांना आम्ही हेच सांगत आलो आहोत.

शिकणाऱ्याची गोष्ट वेगळी. मध्यंतरी एक मुलगा आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात काढलेल्या फोटोंचं कार्ड घेऊन आला. चौदाशे फोटो होते. "लेन्स बदलायची आहे, फोटोत दम येत नाही," असं त्याचं म्हणणं. आम्ही ते फोटो शेजारी बसून मोठ्या पडद्यावर पाहिले. एकाच बुरुजाचे साठेक फोटो, काही उजळ, काही काळवंडलेले. हा उजळ का आणि तो काळा का, हे त्याला सांगता येईना, कारण प्रत्येक वेळी स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं) कॅमेऱ्यानंच ठरवलं होतं. लेन्समध्ये काहीही खोट नव्हती. आम्ही त्याला लेन्स विकली नाही.

जुन्या कॅमेऱ्यात असा आडोसा मिळत नाही. ३६ फोटो, उजेड मोजणाऱ्या मीटरचा एक काटा, एक स्पीडची चकती आणि लेन्सवरची ॲपर्चरची कडी, एवढाच संसार. पडद्यावर डोकावायची सोय नाही, त्यामुळे बटण दाबायच्या आधीच विचार करावा लागतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं उदाहरण घ्या. नंदीध्वज निघतात तेव्हा समोर सगळी पांढरी बाराबंदी आणि डोक्यावर जानेवारीचं स्वच्छ ऊन. कॅमेऱ्यातला मीटर जे दिसेल ते मध्यम राखाडी धरून चालतो. त्याच्या काट्यावर विसंबलात तर बाराबंदी मळकट येते. पांढरं पांढरं यायला हवं असेल तर काटा सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्यावा लागतो. वहीत लिहून ठेवा: फ्रेम ११, स्पीड अमुक, ॲपर्चर तमुक, एक स्टॉप वाढवला. रोल धुऊन आल्यावर निगेटिव्हच्या अकराव्या चौकटीशी ती नोंद ताडून पाहा. असे चार रोल झाले की मीटरकडे न बघता उन्हाचा अंदाज यायला लागतो. हा फायदा नव्या लेन्सच्या खोक्यात मिळत नाही.

पण खरं सांगायचं तर शिकवते ती फिल्म नाही, शिकवतो तो ३६ चा आकडा आणि फोटो दिसायला लागणारा उशीर. म्हणून जुना कॅमेरा घेण्याआधी एक बिनपैशाचा प्रयोग करा. तुमचाच डिजिटल कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, आयएसओ ४०० वर बांधून टाका, झूम असेल तर एकाच जागी ठेवा, पडद्यावर कागद चिकटवा. फक्त ३६ फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. तीन रविवार असे काढा. सिद्धेश्वर तलावाचा काठ, कंबर तलाव, चाटी गल्लीतली सकाळ, कुठेही. मन रमलं तर या, मग कॅमेऱ्याचं बोलू.

कोणता कॅमेरा घ्यावा? शिकायला पेंटॅक्स के-१००० सारखा दुसरा नाही. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो बनत होता आणि त्यात बॅटरी फक्त मीटरला लागते, शटर बिनबॅटरीचं चालतं. मीटरला बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला टोपी लावा. अंधार असला की सेल उतरत नाही. ही टोपी विसरणारे दर महिन्याला सेल न्यायला येतात.

आपल्या उन्हाचा एक हिशेब मात्र ध्यानात ठेवा. भर उन्हात १०० आयएसओच्या रोलला एफ १६ या ॲपर्चरवर (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) साधारण १/१२५, तर ४०० आयएसओच्या रोलला १/५०० स्पीड लागतो. के-१००० चं शटर १/१००० च्या पुढे जात नाही. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात ४०० चा रोल भरून दुपारी मागची पार्श्वभूमी धूसर करायला भोक मोठं करू म्हटलं, तर जमणार नाही. एफ ११ च्या खाली उतरलात की फोटोत उजेड जादा होतो. तेव्हा उन्हाळ्यात १०० चा रोल न्या. निकॉनच्या एफएम२ मध्ये १/४००० पर्यंत स्पीड मिळतो, तिथं ही अडचण कमी, पण त्याची किंमतही तशीच. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं नवा कोरा रोलचा कॅमेराही आणला. ३६ च्या रोलवर त्यात अर्ध्या चौकटीचे ७२ फोटो बसतात. कॅमेरा चांगला आहे, पण स्पीड तो स्वतःच ठरवतो. शिकण्याच्या कामाला आम्ही तो सुचवत नाही.

घरातलाच जुना झेनिट किंवा याशिका सापडला असेल तर आधी आम्हाला दाखवा, फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर जोरात ओढून पाहू नका. आम्ही तीन गोष्टी बघतो. एक सेकंदाचा स्पीड असेल तर शटर त्यावर लावून कानाशी धरतो. आतली चक्रं सलग फिरली पाहिजेत, मध्येच अडखळली तर तेल सुकलंय. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर बदलावा लागतो, नाहीतर उजेड आत शिरतो. आणि लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे आहेत का ते पाहतो. या तपासणीचे पैसे घेत नाही. काही जुन्या कॅमेऱ्यांना पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. १.५ चा साधा सेल घातला की मीटर चुकीचा आकडा दाखवतो. तुमचा कॅमेरा त्यातला असेल तर किती फरक धरायचा ते चिठ्ठीवर लिहून देऊ.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी खरं तर हा कागद छापला.

कोरे येणारे बहुतेक रोल धुण्यात बिघडलेले नसतात. ते कॅमेऱ्यात पुढे सरकलेलेच नसतात. फिल्मचं टोक गुंडाळणाऱ्या दांड्यात नीट अडकलेलं नसतं, झाकण लावल्यावर ते अलगद सुटतं आणि रोल डबीतच बसून राहतो. वाईट असं की बाहेरून काही कळत नाही. लिव्हर चालतो, शटरचा आवाज येतो, वरचा आकडाही पुढे जातो, कारण तो लिव्हरबरोबर फिरतो, फिल्मबरोबर नाही. एका ग्राहकानं असाच यात्रेचा पूर्ण दिवस घालवला. आकडा ४० च्या पुढे गेला तेव्हा त्याला वाटलं, रोलमध्ये जादा फिल्म दिसतेय. रोल धुऊन काढला तर काचेसारखा पारदर्शक. तो मुलगा काउंटरला धरून उभा राहिला. यात्रा वर्षातून एकदा येते, त्याला काय उत्तर देणार?

म्हणून रोल भरताना एवढं कराच. टोक दांड्याच्या खाचेत घाला. झाकण उघडं ठेवूनच लिव्हर ओढा आणि फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दातांवर बसलेली डोळ्यांनी पाहा. दोन-तीन इंच फिल्म वाया जाते म्हणून घाई करू नका. मग झाकण लावा. डावीकडची रिवाइंडची कडी उचलून बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा, सैल फिल्म ताणली जाऊन ती घट्ट लागेल, तिथं थांबा. आता लिव्हर ओढा आणि त्या कडीकडे बघत राहा. ती उलटी फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर झाकण उघडून पुन्हा भरा, त्या क्षणी फार तर इंच-दोन इंच फिल्म जाईल. पुढेही दर चार-पाच फोटोंनी कडीवर एक नजर टाका.

शेवटी लिव्हर अडला की जोर करू नका. खालचं छोटं बटण दाबून कडी फिरवत फिल्म डबीत परत घ्या. हाताला आधी ताण लागतो, मग टोक सुटल्याची जाणीव होते, त्यानंतरच झाकण उघडा. शंका आली, कुठे अडकलं, तर तसाच बंद कॅमेरा आमच्याकडे आणा. आम्ही काळ्या पिशवीत हात घालून रोल काढून देतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण चौकात उभं राहून "बघू तरी" म्हणत झाकण उघडलं की अख्खा रोल जातो.

"तुमच्या धुण्यातच चूक झाली असेल," असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याबरोबर निगेटिव्ह दिव्याच्या पेटीवर ठेवून पाहावी. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि चौकटींचे आकडे असतात. ते कारखान्यातच उजेडानं उमटवलेले असतात आणि फोटोंसारखेच धुतल्यावर दिसतात. मधला भाग कोरा आणि कडेचे आकडे ठळक असतील, तर धुणं बरोबर झालं आहे आणि फिल्मवर उजेड पडलेलाच नाही. आकडेसुद्धा गायब असतील तर चूक आमची. तेव्हा आम्ही धुण्याचे पैसे परत करून नवा रोल देतो. आणि फिल्म पूर्ण काळी असेल तर झाकण मध्येच उघडलं गेलं आहे. कोऱ्या रोलच्या धुण्याचे पैसे आम्ही घेतो यावरून काही जण नाराज होतात. पण रसायन, पाणी आणि वेळ कोऱ्या रोललाही तेवढाच लागतो, हे समजून घ्या.

ब्लॅक अँड व्हाइट रोल आम्ही इथंच, आठवड्यातून एकदा धुतो. रोज का नाही, तर तापमानासाठी. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) आम्ही २० अंशांवर वापरतो आणि आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं येतं. स्टीलच्या पातेल्यात बर्फ घालून डेव्हलपर, चित्र पक्कं करणारा फिक्सर आणि शेवटचं धुण्याचं पाणी, तिन्ही एका अंशावर आणायला अर्धा दिवस जातो. यात घाई केली तर निगेटिव्ह कडक आणि भरड येते. वडिलांच्या काळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल याच पद्धतीनं धुतला जायचा. त्यांनी धुतलेल्या निगेटिव्ह आजही स्वच्छ आहेत, बंद पडलेल्या गिरणीच्या भोंग्याची आणि धुराड्याची सुद्धा. रंगीत रोलचं काम ३८ अंशांच्या आसपास आणि वेगळ्या रसायनांत होतं. ते आम्ही मुंबईच्या लॅबला पाठवतो, म्हणून त्याला दहा-बारा दिवस धरा.

उन्हाळ्यात रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरी बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी तासभर डबा न उघडता बाहेर काढून ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

रोल आणि धुणं मिळून जो खर्च होईल त्याला ३६ नं भागा, म्हणजे एका फोटोला किती पडतात ते कळेल. तो आकडा पाहून महिन्याला एकच रोल परवडत असेल तर एकच न्या. आमच्याकडे दुरुस्त केलेले कॅमेरे सहा महिन्यांच्या हमीवर मिळतात, आणि जुनी लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्याला लावायचे अडॅप्टरही आहेत. आजोबांची ५० मिलिमीटरची लेन्स कपाटात पडून असेल तर नवीन लेन्सच्या आधी तीच आणून लावून पाहा. छोट्या सेन्सरवर ती साधारण ७५ सारखी वागते, चेहऱ्यांच्या फोटोंना ती फार छान.

यात्रेसाठी पहिल्यांदाच रोल भरणार असाल, तर आदल्या दिवशी संध्याकाळी कॅमेरा घेऊन दुकानात या. रोल तुम्हीच भरायचा, आम्ही शेजारी उभे राहून कडी फिरते की नाही तेवढं बघू. त्याचे पैसे नाहीत.