भिंत विणणाऱ्याचे हात बांधणारी गोळी

नागपूरच्या धंतोलीत एका दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये मी उभा होतो. पुढचे गृहस्थ म्हणाले, "भाऊ, सेफिक्झिम दोनशेच्या चार गोळ्या देऊन द्या ना."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कायले? बाबाले टायफॉइड झाला तेव्हा ह्याच चालू होत्या. मले मांडीवर गळू झालं न, लय ठणकून राहिलं."

मेडिकलवाल्यांनी नाही म्हटलं. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक 'शेड्यूल एच-वन'मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत येतं. १ मार्च २०१४ पासून अशा औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावानिशी लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या गोळ्या त्या गळवाच्या कामाच्या नव्हत्या. का, ते कळायला जिवाणूच्या भिंतीपाशी जावं लागेल.

आपल्या पेशीला भिंत नसते, नुसता पातळ पापुद्रा असतो. जिवाणूला मात्र भिंत लागतेच, कारण त्याच्या आत जबर दाब असतो. गळू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या आत तो वीसेक वातावरणांइतका भरतो. स्कूटरच्या टायरमध्ये आपण भरतो त्याच्या कितीतरी पट. हा दाब पेलणारी भिंत बाजेसारखी विणलेली असते. साखरेच्या लांब दोऱ्या, आणि त्यांना आडव्या बांधणाऱ्या प्रथिनांच्या छोट्या गाठी. गाठी मारायचं काम एक विकर (एन्झाइम) करतं. गाठीच्या टोकाला अॅलॅनिन या अमिनो आम्लाची जोडी असते; विकर ती ओळखतं, धरतं आणि गाठ मारून पुढे सरकतं.

सेफिक्झिम ज्या कुटुंबातलं, त्या सेफॅलोस्पोरिनचा रेणू हुबेहूब त्या जोडीसारखा दिसतो. त्याच्या पोटात चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम. विकराने धरलं की कडं फुटतं आणि विकराला कायमचं चिकटतं. विणणाऱ्याचे हात तिथेच बांधले जातात. जिवाणू मात्र वाढतच असतो, जुने टाके उसवतच असतो. शेवटी आतल्या दाबाने फुटतो. म्हणजे मारेकरी खरं तर जिवाणूचा स्वतःचाच दाब. विषाणूला ही भिंतच नसते, म्हणून पावसाळ्यातल्या व्हायरल तापावर ही गोळी काहीच करत नाही.

आता गळू. या औषधांच्या पिढ्या आहेत. सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल पहिल्या पिढीतली. त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकसवर चांगली. सेफिक्झिम तिसऱ्या पिढीतलं; टायफॉइडच्या किंवा लघवीच्या संसर्गाच्या जिवाणूंवर तेज, पण स्टॅफिलोकॉकसपुढे लंगडं. बाबांचा टायफॉइड बरा करणारी गोळी मुलाच्या गळवावर चालेलच असं नाही. शिवाय पू साठलेल्या गळवाला आधी चीर देऊन पू काढणं हाच मुख्य इलाज.

या औषधाचं माहेर सांडपाण्यात आहे. १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहरात ज्युझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकांनी गटाराचं पाणी समुद्राला मिळतं तिथून एक बुरशी वेगळी केली. तिचा रस टायफॉइडच्या जिवाणूंनाही रोखत होता. पुढे ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी त्यातून सेफॅलोस्पोरिन-सी वेगळं काढलं. नाग नदीच्या पुलावरून नाक दाबून जाताना मला हे हमखास आठवतं.

पोटात घ्यायच्या गोळीचं खरं गणित वेळेचं. हे औषध रक्तात एका पातळीच्या वर जितका वेळ राहील तितकं काम होतं. एकदम दुप्पट गोळी घेऊन फायदा नाही. सेफॅलेक्सिन तासाभरात निम्मं उतरतं, म्हणून ते बरेचदा दिवसातून चारदा असतं. सेफिक्झिमला निम्मं व्हायला तीन-चार तास लागतात, ते एक-दोन वेळा पुरतं. टायफॉइडमध्ये औषध लागू पडत असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. तिसऱ्या दिवशी "गोळी बेकार आहे" म्हणून स्वतःच ती सोडणारे आमच्या घरातही आहेत.

सेफिक्झिम जेवणाआधी-नंतर कसंही चालतं. याच कुटुंबातली सेफ्युरॉक्झिम आणि सेफपोडॉक्झिम मात्र पोटात काही असेल तर जास्त शोषली जातात. तर्री पोह्यांनंतर घेतली तरी हरकत नाही. पण रात्री सावजी खाऊन जळजळ झाली म्हणून सोबत अँटासिड घेतलं, की सेफपोडॉक्झिमचं शोषण घटतं.

पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. जुन्या पुस्तकांत अशा दहा टक्के लोकांना सेफॅलोस्पोरिनही सोसत नाही असं असायचं. आता हा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच धरतात. रेणूची बाजूची शेपटी सारखी असली की धोका वाढतो, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातलं अॅमॉक्सिसिलिन व सेफॅड्रॉक्सिल यांची शेपटी अगदी एकच आहे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर पुढची गोळी घ्यायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. थोडं पोट बिघडणं नेहमीचं. पण पाण्यासारखे जुलाब थांबेनात किंवा रक्त पडलं तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं, मग औषध संपून काही आठवडे झालेले असले तरी.

राहिलं मुलांचं ड्राय सिरप, म्हणजे बाटलीतल्या पावडरीत पाणी घालून करायचं औषध. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. अर्धं घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. फेसालाच खूण समजलं की पाणी कमी पडतं आणि औषध जाड होतं. मोजायला सोबतचंच माप घ्या, घरातला चमचा नको. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत स्कूटरच्या डिक्कीत बाटली ठेवू नका. आणि दर वेळी हलवा. नाहीतर पहिल्या दिवशी पोराला नुसतं गोड पाणी जातं आणि शेवटच्या दिवशी तळाचा सगळा गाळ.